वळणाच्या जरा आधी

महिपतीने स्टिअरिंगचे चाक डावीकडे फिरवले आणि

रिकामे. चाक हातात फिरले, पण ते फिरल्याचे खाली पुढच्या चाकांना कळले नाही. बंद समजून ढकललेले दार नुसतेच लोटलेले निघावे आणि माणूस तोल जाऊन आत यावा, तसा तो त्या रिकाम्या फिरण्यातून एकदम आत आला. आत त्याच्या गावचे, केमचे रान होते. डोळ्यांनी हे इंजिन सकाळपासून पाहिले होते. सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्यावरून चार बैलांनी ओढत आणलेले, रंग उडालेले, मागच्या लोखंडी चाकांचे निम्मे खिळे झिजलेले. नांगर ओढण्यासाठी विलायतेत बनलेल्या इंजिनाला शेवटी बैलांनीच ओढत आणले, यावर कारखान्यातले सगळे हसले होते आणि तोही हसला होता. डोळ्यांना ओळख पटली नव्हती. ओळखले ते तळव्याने. एवढे फिरवायचे, काही होत नाही. आणखी एवढे, तरी नाही. ही मधली जागा त्याच्या माहितीची होती. स्वतःच्या घराचा उंबरा अंधारात पायाला माहीत असतो तशी.

जर्मनीचे युद्ध संपल्यावर केमच्या रावसाहेबांनी हे इंजिन आणले होते. रावसाहेब रेल्वेला खडी पुरवून मोठे झालेले जमीनदार. त्यांना नव्या वस्तूंचा नाद. इंजिन मालगाडीच्या वाघिणीतून उतरले तेव्हा गावाने त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, आणि मग सगळे गप्प झाले, कारण ते चालवणार कोण हे कोणीच ठरवले नव्हते. मुंबईहून आलेला पारशी मेस्त्री आठवडाभर राहिला. त्याने आबांना शिकवले, कारण रावसाहेबांच्या औतावरचा सगळ्यात जुना माणूस म्हणजे धोंडीराम, महिपतीचे आबा. पारशी गेला. आबांनी दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या पुढ्यात वैरणीची पेंढी टाकली, गंमत म्हणून, असे त्यांनी नंतर सांगितले. पण महिपती तिथे होता, आणि त्याला ती गंमत वाटली नव्हती. आबांची बैलजोडी तेव्हाच निवृत्त झाली. डाव्या अंगाला हौशा, उजव्या अंगाला सरदार. हौशा म्हातारा, समजूतदार; नांगराच्या तासाच्या टोकाला बांध आला की तो जागच्या जागी पाय हलवीत उभा राहायचा आणि सरदार त्याच्याभोवती फिरायचा. म्हणून आबांचे औत नेहमी डावीकडेच वळायचे. मग इंजिनही डावीकडेच वळू लागले. उजवीकडे वळवायला कोणी मना केले नव्हते. पण आबा वळवीत नसत. चावडीवर लोक म्हणायचे, धोंडीरामाला उजव्या हाताच्या मळ्यात जायचं आसलं की त्यो डावीकडनं अख्ख्या गावाला फेरा घालून येतोय. आबा हसायचे आणि तसेच फेरा घालून यायचे.

दोन-चार वर्षांत स्टिअरिंग सैल झाले. तेव्हा महिपतीचे नुकतेच लग्न झाले होते. आबा भाकरी खायला बसले की तो इंजिनावर बसायचा, आणि पहिल्याच दिवशी त्याने बांधाचे दगड पाडले. चाक फिरवूनही इंजिन सरळच गेले होते. आबा तोंडातला घास तसाच ठेवून उठले नाहीत, ओरडले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘आरं, आदी सांगायचं. बांध याच्या जरा आदी. मग ते इचार करतंय. मग वळतंय. बैल बी तसंच करतंय की. त्याला इचार करायला जागा दे.’’

आणि मग, उशिरा, पुढची चाके वळली.

‘‘काय बे, झोपलास का त्याच्यावर?’’ मल्लिकार्जुनने, कारखान्याच्या मालकाने, खालून विचारले. त्याच्याबरोबर चनबसप्पा उभे होते, अक्कलकोटकडचे मोठे शेतकरी, पांढरा रुमाल बांधलेले, हातात छत्री. लिलावात हे इंजिन त्यांनी घेतले होते आणि आता त्यांना त्याचा पश्चात्ताप होत होता. ते पायरीवर चढले, महिपतीच्या हातांवरून आपला हात घालून त्यांनी चाक गदागदा हलवले. ‘‘बघा, बघा. ताक घुसळायलाय असं वाटतंय. मल्लू, मला सरळ चालणारं पायजे. येत्या मंगळवारच्या बाजाराला मी येतो. माझ्या डोळ्यांसमोर ह्या आवारात चालवून दाखवा. इथनं लिंबापर्यंत, तितनं वळून परत. जमलं तर नेतो. नाही तर साकु, पुरे झालं, ओतकामाच्या भट्टीत घाला ह्याला. मोटेची चाकं तरी होतील.’’

मग उतरता उतरता म्हणाले, ‘‘आणि चालवणारा बी बघा कोणी. आमच्याकडं सगळे बैलवाले.’’

महिपती म्हणाला, ‘‘माझे आबा हायत.’’ कारखान्यात इतकी वर्षे काढून शहरातली झालेली त्याची भाषा त्या एका वाक्यापुरती मागे गेली. ‘‘हेच इंजिन चालवत होते. केमला. सुरुवातीपासून.’’

चनबसप्पांनी त्याच्याकडे आणि मग इंजिनाकडे असे पाहिले की जणू दोघांचे नाते ते ताडून बघत होते. ‘‘म्हातारे असतील की.’’

‘‘हायत. पण हात चांगले हायत.’’

‘‘मग मंगळवारी बसवा त्यांनाच. चालवलं तर मळ्यावर खोली देतो. शेळी बांधायला जागा देतो.’’

शेळी. महिपती त्या एका शब्दावर अडकला. आई गेल्यावर त्याने आबांना सोलापुरात आणले होते, तेव्हापासून आबा खोलीच्या दारात बसत. दारासमोर गटार, गटारापलीकडे विणकरांची खोली, तिथून मागाचा खटका दिवसभर. गिरणीचा भोंगा झाला की आबा मान वर करीत. सुरुवातीला विचारीत, कोण गेलं? नंतर विचारायचे बंद झाले. मग बोलायचेच बंद झाले. वैद्य म्हणाले, काही झालेले नाही. त्याची बायको वच्छला नातेपुत्याची, जनावरांच्या घरातली. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, ‘‘मामंजींना कायबी झालं न्हाई. त्येंच्या पायाखाली माती न्हाई, म्हणून त्ये थांबल्यात. त्यांना मातीवर न्या, न्हाईतर त्ये हितं आसंच संपत्याल.’’ थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली आणि वर पाणी फिरवले, आणि महिपती त्या चर्र आवाजाकडे पाहत राहिला होता. नेणार कुठे? केमला आता त्यांचे कोणी नव्हते. रावसाहेबांच्या मुलांनी जमीन विकली, घर विकले, इंजिन कुठे तरी दिले. माती कुठली आणायची.

त्या संध्याकाळी तो उजेड असतानाच घरी आला. आबा दारात होते. ताट पुढ्यात, भाकरी तशीच. ते ताट कडेला धरून हळूहळू डावीकडे सरकवीत होते. महिपती त्यांच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, ‘‘आबा, आपलं इंजन आलंय. कारखान्यात. दुरुस्तीला.’’ आबांनी तोंड उघडले आणि

मागाचा खटका. गटाराचा वास. वच्छला चुलीपाशी फुंकणी हातात धरून थांबलेली. आबांच्या हाताच्या शिरा, त्यांच्यावरचा एक जुना डाग. गरम रेडिएटरचे झाकण उघडताना वाफ आली होती तो. तेव्हा आईने त्यावर शाई लावली होती, आणि आबा रानात सगळ्यांना निळा हात दाखवीत फिरले होते. महिपती वाट पाहत राहिला. पूर्वी त्याला हे सोसत नसे. प्रश्न विचारायचा, उत्तर नाही, आणखी मोठ्याने विचारायचा, तरी नाही, मग तो उठून जायचा. आज तो उठला नाही. आज सकाळी तळव्याला जे कळले होते ते आता कुठे वर डोक्यापर्यंत येत होते. सांगितले आहे. ते पोचते आहे. त्याला जागा दे.

‘‘कुटंय?’’ आबा म्हणाले.

वच्छलाच्या हातातून फुंकणी पडली.

दुसऱ्या दिवशी महिपतीने स्टिअरिंगची पेटी उघडली. आतले ग्रीस काळे, दगडासारखे. ते खरवडून, रॉकेलने धुऊन त्याने दातेरी चाक उजेडात धरले आणि तो खाली बसला. स्टिअरिंगच्या दांड्याचे आटे या दातांत फिरतात आणि दात पुढच्या चाकांना वळवतात, एवढेच ते यंत्र. मधले दात आणि मधल्यापासून डावीकडच्या वळणाचे दात पाजळलेल्या विळ्यासारखे पातळ झाले होते. बाकीचे दात कोरे. विलायतेहून आले त्या दिवसासारखे, कडा जाग्यावर. अर्ध्या आयुष्याला कोणी हातच लावला नव्हता. तो बोट फिरवीत राहिला. इथे सरळ तास. इथे बांध. इथे हौशाचे वळण. या दाताच्या झिजेत करडईचे रान आहे, त्या दाताच्या झिजेत भुईमुगाचे, आणि इथे आबा चावडीला फेरा घालून उजव्या मळ्यात गेले. त्याला वाटले, कोऱ्या दातांवर बोट ठेवले तर काय आहे? तिथे काहीच नव्हते. थंड लोखंड. तिथे कोणी कधी गेलेच नव्हते.

पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याची वाटी उघडली तेव्हा आत चामडे निघाले. हाही सैलपणा आबांनी आपल्या परीने भरला होता. तेलाने काळी झालेली, चेपलेली पट्टी. त्याने ती पुसली. एका कडेला टाके आणि एक गोल छिद्र, कवडी शिवलेली असते तसे. हौशाच्या गळ्यातला पट्टा. हौशा मेला तेव्हा महिपती सोलापुरात होता, त्याला कोणी कळवले नव्हते. बैल मेल्याचे कोण कळवतो. पट्टा आबांनी कापून इंजिनात बसवला होता. म्हणजे नंतरची सगळी वर्षे वळताना हौशा डाव्या अंगाला होताच. महिपतीने पट्टी खिशात टाकली. नवी पितळी वाटी कातून बसवली.

दातेरी चाकाचा उपाय सोपा होता. ते गोल होते. दांड्यावरून काढायचे, फिरवून परत बसवायचे. झिजलेले दात मागे जातात, त्यांच्याशी पुन्हा कधी गाठ पडत नाही. कोरे दात पुढे येतात. नवे काही आणायला नको. ‘‘वा बे,’’ मल्लिकार्जुन म्हणाला, ‘‘म्हणजे जुन्यातूनच नवं काढलास.’’ महिपतीने चाक फिरवून बसवले, खीळ ठोकली, नट आवळला. मग वर बसून स्टिअरिंगला हात लावला. हात लावल्याबरोबर पुढची चाके थरथरली. जरासे डावीकडे, लगेच डावीकडे. जरासे उजवीकडे, लगेच उजवीकडे. मध्ये काही नाही. मोकळे काही उरलेच नाही. त्याने इंजिन चालू करून ते आवाराच्या भिंतीकडेने नेले, आणि लिंबाच्या बऱ्याच अलीकडे त्याचा हात आपसूक डावीकडे गेला. इंजिन तिथेच वळले. समोर पाण्याचा हौद. त्याने घाईने उलटे फिरवले, वाचला. उतरून त्याने आपल्या हाताकडे पाहिले. तो तर थोडेच दिवस चालवीत होता, भाकरीच्या वेळेपुरते. तरी हाताने विसरायचे नाकारले होते. मग आबांचा हात?

नट अर्धा फेरा सैल केला तर ती जागा परत येईल. पाना त्याच्या हातातच होता. पण चनबसप्पा वर चढून पहिल्यांदा चाक गदागदा हलवणार होते, आणि ताक घुसळल्यासारखे वाटले की भट्टी. भट्टी म्हणजे मळा नाही, खोली नाही, शेळी नाही. आणि घट्ट ठेवले तर? तो नटाकडे पाहत राहिला. घट्ट इंजिन मळ्यावर जाईल. सैल इंजिन आबांच्या हाताला येईल. मळ्यावर जाणारे आणि आबांच्या हाताला येणारे असे एक इंजिन त्याला करता येत नव्हते. तो फिटर होता. झीज कुठे आहे हे त्याला दिसत होते, पण ती एका जागी ठेवून दुसऱ्या जागी काढायची कशी हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याने पाना खाली ठेवला. माणसाला सांगता येते, असे त्याला वाटले. लोखंडाला सांगता येत नाही, माणसाला येते.

त्याने सांगितले. मंगळवारपर्यंत रोज सांगितले. आबा आता जेवत होते, दाढी करवून घेत होते, वच्छलाला हाक मारून पागोटे धुवायला लावत होते. ‘‘आबा, आता लगेच वळतंय बरं का. आदी फिरवायचं न्हाई. लिंबापाशी गेल्यावरच.’’ आबा म्हणायचे, ‘‘व्हय, व्हय. कितींदा सांगशील? मला काय कळत न्हाय?’’ एकदा वच्छलाला म्हणाले, ‘‘सूनबाई, तुझा नवरा मलाच नांगर शिकवाया लागलाय की.’’ ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. महिपतीही हसला. त्या खोलीत हसणे किती दिवसांनी, त्याने मोजले नाही.

मंगळवारी ऊन चढायच्या आत आबा कारखान्यात आले. इंजिनाजवळ जाऊन त्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि तो तिथे ठेवूनच भोवती चालले. डावीकडून. चनबसप्पांनी वर चढून चाक हलवले, पुन्हा हलवले, आणि खाली उतरून छत्री मिटली. ‘‘छलो,’’ ते म्हणाले, ‘‘झकास झालंय. बसा आजोबा.’’ आबा बसले. लोखंडी बैठकीच्या खोलग्यात ते असे बसले की ती त्यांच्याच मापाने झिजली असावी. महिपती मागे, नांगर जोडायच्या दांड्यावर उभा राहिला. मल्लिकार्जुनने पुढून हँडल मारले. इंजिन फुरफुरले, रॉकेलचा धूर आला, आणि त्या धुरात महिपतीला आबांची मान दिसली, ताठ, वाढलेल्या केसांखाली दोन शिरा. ही मान त्याने रानात मागून पाहिलेली होती, हीच मान तो दारात इतकी वर्षे शोधत होता. ते निघाले. सरळ. भिंतीकडेने अगदी सरळ, आबांचे हात चाकावर जेमतेम टेकलेले. चनबसप्पा मान डोलवीत होते. लिंब पुढे होता, अजून बराच पुढे. महिपतीने तोंड उघडले होते. आबांनी चाक डावीकडे फिरवले आणि इंजिन वळले.

हौदाची भिंत फुटली. महिपतीने मागून पाय घालून क्लच दाबला तोवर पुढची चाके विटांत रुतली होती. इंजिन बंद पडले. सगळीकडे एकदम शांत झाले आणि मग पाण्याचा आवाज आला. हौदातले पाणी आवारात पसरत, मागच्या चाकांनी पाडलेल्या खळग्यांत भरत चालले होते, एक खळगा, दुसरा खळगा, ओळीने.

‘‘इंजिनाला काही झालं नाही,’’ चनबसप्पा धावत येऊन, सगळीकडून पाहून म्हणाले. रागावलेले नव्हते. ‘‘इंजिन नेतो मी. मल्लू, हौदाचं मी बघतो.’’ मग जरा थांबून, महिपतीकडे न पाहता, हळू, ‘‘आजोबांना उतरवा. आता त्यांना घरी बसू द्या.’’

आबा उतरले नाहीत. ते चाकाकडे पाहत होते. एका बोटाने त्यांनी ते जरासे डावीकडे केले. पुढे विटांत अडकलेली चाके लगेच कुरकुरली. जरासे उजवीकडे. लगेच कुरकुरली. त्यांनी पुन्हा केले, पुन्हा, जणू मधली कोणती तरी जागा हुकते आहे आणि ती हळूच फिरवली तर सापडेल.

‘‘महिपा,’’ ते म्हणाले, ‘‘ह्यो आता इचारच करत न्हाय रं.’’

महिपती आबांजवळ सरकला. त्याने खिशात हात घातला. पट्टी तिथे होती. ती त्याने आबांच्या हातावर ठेवली. आबांनी ती उन्हात धरली, छिद्रातून बोट घातले. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी ती पागोट्याच्या टोकात खोचली आणि मग महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले. पाय ओल्या मातीत पडला. तिथे ते जरा उभे राहिले, बोटे मातीत दाबली. वच्छला म्हणाली होती ती माती ही नव्हे. ही राख, लोखंडाचा कीस, तेलाची माती. तरी ते उभे राहिले.

घरी जाताना दोघे रस्त्याच्या कडेने चालले. बाजाराच्या गाड्या येत होत्या, गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. आबांनी मान वर केली नाही. महिपतीच्या मनात एक हिशेबी आवाज बोलत होता: आता? मळा गेला. उद्यापासून पुन्हा दार, गटार, ताट. तो आवाज बरोबर बोलत होता. नट सैल ठेवायला हवा होता, भट्टी तर भट्टी, निदान एकदा लिंबापर्यंत जाऊन आले असते. की घट्ट तेच बरे, इंजिन तरी रानात जाईल. दोन्ही बाजूंनी फिरवले तरी त्याला काही लागत नव्हते. खांद्यावर आबांचा हात होता, फारसा जड नाही. विचारावे का, काय वाटते म्हणून? विचारले नाही. किंवा कधी तरी, फार पूर्वी, विचारून ठेवलेच होते, आणि ते अजून पोचत होते.

त्यांच्या गल्लीचे तोंड अजून पुढे होते. मधे पेंडीच्या वखारीची लांब, बिनखिडकीची भिंत. तिच्या निम्म्यावर आले तेव्हा आबांचा हात खांद्यावर किंचित दाबला गेला. डावीकडे. समोर नुसती भिंत होती. आबा, अजून न्हाई, असे शब्द महिपतीच्या जिभेवर आले. तिथे ते राहिले. त्याने आपले खांदे आबांच्या हाताबरोबर फिरवले, दोघे डावीकडे वळले आणि

भिंत. तिचा चुना, तिच्यावर लागलेले ऊन. आत कुठे तरी पेंड फोडल्याचा आवाज. दोघे भिंतीला जवळजवळ अंग घासत तिरके चालत होते, हळू, घाई न करता, एक जण सांगणारा आणि एक जण ऐकणारा, आणि कोण कोणता ते आता सांगता आले नसते. मागून येणारा गाडीवान ओरडला, ‘‘ए म्हातारं, कुटं चाललाय भिंतीत?’’ आबांनी हात उंचावून त्याला पुढे जा म्हणून खुणावले. ‘‘दमानं,’’ ते म्हणाले, त्याला की महिपतीला की आणखी कोणाला. ‘‘दमानं.’’

मग गल्ली आली.